गाय ऑल्ड्रेड, लंडनचे अराज्यवादी संपादक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सावरकर, मदनलाल धिंग्रा किंवा श्यामजी कृष्णवर्मा यांच्याविषयी मराठीत वाचताना गाय ऑल्ड्रेड हे नाव एखाद्या वाक्यापुरते भेटते. श्यामजींचे मासिक छापल्याबद्दल एका इंग्रज तरुणाला वर्षाची कैद झाली, एवढे सांगून लेखक पुढे जातो. त्या वाक्यापाशी थबकलेले वाचक जे विचारत राहतात, ते प्रश्न येथे एकत्र केले आहेत. कोणतेही उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जेथे दुसऱ्या उत्तरात अधिक तपशील आहे, तेथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. गाय ऑल्ड्रेड कोण होते, हे थोडक्यात सांगता येईल का?

गाय आल्फ्रेड ऑल्ड्रेड (१८८६–१९६३) हे लंडनमध्ये जन्मलेले आणि आयुष्याची शेवटची चार दशके ग्लासगोमध्ये काढलेले अराज्यवादी संपादक, प्रकाशक आणि वक्ते होते. १९१० पासून मृत्यूपर्यंत त्यांनी एकामागून एक पाच नियतकालिके चालवली, बाकुनिन प्रेस या नावाने अनेक पुस्तिका काढल्या आणि राजद्रोहाच्या आरोपाखाली दोनदा तुरुंगवास भोगला. युद्धाला नकार दिल्याबद्दल झालेला तुरुंगवास त्याहून वेगळा. यांपैकी पहिली राजद्रोहाची शिक्षा हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याची बाजू मांडणाऱ्या मासिकासाठी झाली, आणि म्हणून मराठी वाचकाने त्यांना एका वाक्यापेक्षा अधिक जागा द्यावी असे मला मनापासून वाटते.

२. 'गाय' हे नाव कशावरून पडले? मराठीत ते कसे लिहावे?

त्यांचा जन्म ५ नोव्हेंबरचा. १६०५ साली याच तारखेला गाय फॉक्स हा इंग्लंडची पार्लमेंट उडवून देण्याच्या कटात पकडला गेला होता आणि इंग्लंडमध्ये हा दिवस दरवर्षी होळ्या पेटवून साजरा होतो. त्या दिवशी जन्मलेल्या मुलाला तेच नाव मिळाले. मराठीत उच्चाराप्रमाणे 'गाय' असेच लिहावे लागते. वाचताना घोटाळा होऊ नये म्हणून पुढे सर्वत्र आडनावच वापरले आहे.

३. अराज्यवादी म्हणजे अराजक माजवणारा माणूस ना?

नाही, आणि हा गैरसमज दूर केल्याशिवाय पुढचे काहीच नीट समजणार नाही. मराठीत 'अराजकवाद' आणि 'अराज्यवाद' असे दोन्ही शब्द रूढ आहेत, पण 'अराजक' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर दंगल आणि लूट उभी राहते, म्हणून येथे दुसरा शब्द घेतला आहे. राज्यसंस्थेच्या सक्तीवाचून, परस्पर सहकार्याने समाज चालू शकतो आणि तसाच तो चालला पाहिजे, ही या विचाराची धारणा आहे. ऑल्ड्रेड स्वतःला बहुधा 'पार्लमेंटविरोधी साम्यवादी' म्हणवत. अराज्यवाद्यांचा गुरू बाकुनिन आणि त्याचा प्रतिस्पर्धी कार्ल मार्क्स या दोघांचेही विचार एकत्र नांदू शकतात असे ते मानत, त्यामुळे लंडनमधील इतर अराज्यवाद्यांशी त्यांचे पुष्कळदा खटके उडत.

४. त्यांच्या लहानपणाविषयी काय माहिती आहे? ते आधी धर्मोपदेशक होते, हे खरे आहे का?

खरे आहे. लंडनच्या क्लार्कनवेल या कारागिरांच्या वस्तीत त्यांचा जन्म झाला. आई छत्र्या बनवण्याचे काम करणारी एकोणीस वर्षांची मुलगी होती आणि वडील नौदलात अधिकारी होते. वडिलांनी लग्न केले, पण संसार केला नाही. मुलगा वाढला तो आईच्या वडिलांच्या, चार्ल्स होल्ड्सवर्थ यांच्या घरी. हे आजोबा पुस्तकबांधणीचा व्यवसाय करणारे आणि जुन्या सुधारकी मताचे होते. छापील कागद, त्याची घडी, त्याची शिवण ही या मुलाच्या घरातलीच गोष्ट होती, हे पुढचे आयुष्य वाचताना विसरू नये.

सोळा वर्षांच्या आसपास ते चौकात उभे राहून ख्रिस्ती धर्मावर बोलू लागले आणि 'बालोपदेशक' म्हणून ओळखले गेले. पुढच्या दोन-तीन वर्षांत बायबलच्या चिकित्सेतून ते एकेश्वरवादाकडे, तेथून निरीश्वरवादाकडे आणि तेथून समाजवादाकडे गेले. १९०५ साली ते हाइंडमन यांच्या सोशल डेमोक्रॅटिक फेडरेशनमध्ये दाखल झाले आणि पुढच्याच वर्षी बाहेर पडले. मत बदलले की संस्था सोडायची, पण उघड्यावर उभे राहून बोलण्याची सवय सोडायची नाही, ही रीत त्यांनी तेव्हापासून धरली.

५. 'इंडियन सोशिऑलॉजिस्ट' प्रकरणात नेमके काय घडले?

श्यामजी कृष्णवर्मा यांनी जानेवारी १९०५ मध्ये लंडनमधून 'इंडियन सोशिऑलॉजिस्ट' हे मासिक सुरू केले. त्याच वर्षी हायगेट येथे इंडिया हाउस हे हिंदी विद्यार्थ्यांचे वसतिगृह उघडले, आणि पुढच्या वर्षी टिळकांच्या शिफारशीने मिळालेल्या शिष्यवृत्तीवर सावरकर तेथे दाखल झाले. १९०७ मध्ये श्यामजी पॅरिसला निघून गेले, मात्र मासिकाची छपाई लंडनमध्येच होत राहिली.

१ जुलै १९०९ रोजी मदनलाल धिंग्रा यांनी लंडनच्या इंपीरियल इन्स्टिट्यूटमध्ये कर्झन वायली या ब्रिटिश अधिकाऱ्याला गोळ्या घातल्या. सरकारची नजर लगेच या मासिकाकडे वळली. संपादक पॅरिसमध्ये, म्हणजे हाताबाहेर होता. हाती लागला तो मुद्रक. आर्थर हॉर्स्ली नावाच्या या व्यावसायिक मुद्रकावर राजद्रोहाचा खटला भरला गेला आणि २३ जुलै रोजी त्याला चार महिन्यांची शिक्षा झाली. धिंग्रांना फाशीची शिक्षा सुनावली गेली तीही त्याच दिवशी, त्याच न्यायालयात, त्याच न्यायाधीशांकडून. असले साहित्य छापणाऱ्याची यापुढे गय होणार नाही, हे मुद्रकांना पुरते कळले.

ऑल्ड्रेड तेव्हा बावीस वर्षांचे होते आणि त्यांचा मुलगा जेमतेम तीन महिन्यांचा होता. श्यामजींची सगळी मते आपल्याला मान्य नाहीत, पण ती छापण्याचा हक्क मान्य आहे, अशी भूमिका घेऊन त्यांनी ऑगस्टचा अंक काढण्याची तयारी दाखवली. आपल्याकडे २०२४ पर्यंत लागू असलेल्या १८६७ च्या कायद्यामुळे प्रत्येक वृत्तपत्राच्या तळाशी 'अमुक यांनी अमुक ठिकाणी छापून प्रसिद्ध केले' अशी बारीक टाइपातली ओळ रूढ झाली. इंग्लंडमध्येही मुद्रकाने छापील कागदावर आपले नाव आणि पत्ता देण्याचे बंधन होते. वाचकाची नजर या ओळीवर सहसा पडत नाही, पण पोलिसांची प्रथम तेथेच पडते. हॉर्स्लीचे नाव होते त्या जागी ऑल्ड्रेड यांनी आपले नाव आणि शेफर्ड्स बुश भागातील आपला पत्ता घातला. १७ ऑगस्टला धिंग्रांना पेंटनव्हिल तुरुंगात फाशी दिले गेले, २५ ऑगस्टला ऑल्ड्रेड यांना अटक झाली आणि १० सप्टेंबरला ओल्ड बेली न्यायालयात न्यायमूर्ती कोलरिज यांनी त्यांना बारा महिन्यांची कैद सुनावली. बचावाचे भाषण त्यांनी वकिलावाचून स्वतःच केले. यानंतर मासिकाची छपाई पॅरिसला हलली.

६. म्हणजे त्यांना शिक्षा झाली ती फक्त दुसऱ्याचा मजकूर छापल्याबद्दल?

पूर्णपणे तसे नाही, आणि मराठी लिखाणात हा तपशील बऱ्याचदा गळतो. ऑगस्टच्या त्या अंकात श्यामजींच्या मजकुराबरोबर ऑल्ड्रेड यांचा स्वतःचा लेखही होता. धिंग्रांना दिली जाणारी फाशी ही न्यायाचा पोशाख चढवलेली साम्राज्याची तलवार आहे, असा त्याचा आशय होता, आणि क्रोमर, कर्झन आणि मोर्ले या साम्राज्याच्या कारभाऱ्यांची नावे त्यात थेट घेतलेली होती. त्यामुळे खटला मुद्रक आणि लेखक या दोन्ही नात्यांनी उभा राहिला. त्याआधी वर्षभर, जुलै १९०८ मध्ये, 'केसरी'तील लेखांबद्दल टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली होती. दोन्ही शिक्षांच्या लांबीतला फरक पाहिला, तर एकाच साम्राज्यात राजद्रोहाचे मोल माणूस कोठे उभा आहे यावर कसे ठरत असे, ते दिसते.

७. मग ते राजकीय हत्येचे समर्थक होते का?

नव्हते. व्यक्तींना मारून व्यवस्था बदलत नाही, असे त्यांचे मत होते आणि न्यायालयातही त्यांनी ते मांडले. पण राज्यसंस्था फासावर लटकवते, तोफा डागते, आणि त्या हिंसेला कायदा म्हणते. अशा राज्यसंस्थेला धिंग्रांना खुनी म्हणण्याचा नैतिक अधिकार नाही, हा त्यांचा युक्तिवाद होता. एखाद्याच्या कृत्याशी असहमत राहूनही त्याच्या फाशीविरुद्ध आपल्या सहीने लिहिणे आणि त्यासाठी तुरुंगात जाणे, हे समर्थनापेक्षा अवघड काम आहे, असे मला वाटते.

८. सावरकरांशी त्यांचा काय संबंध होता?

१३ मार्च १९१० रोजी लंडनच्या व्हिक्टोरिया स्थानकावर सावरकरांना अटक झाली, तेव्हा ऑल्ड्रेड स्वतः तुरुंगात होते. जुलैमध्ये ते सुटले आणि त्याच महिन्यात, ८ तारखेला, सावरकरांनी मार्सेय बंदरात बोटीतून उडी घेतली. फ्रान्सच्या भूमीवर पाय ठेवलेल्या राजकीय कैद्याला ब्रिटिश शिपायांच्या हवाली केले गेले, हा आश्रयाच्या हक्काचा भंग आहे, असा मुद्दा युरोपातील समाजवाद्यांनी उचलला. इंग्लंडमध्ये तो लावून धरणाऱ्यांत ऑल्ड्रेड आघाडीवर होते. सावरकरांच्या सुटकेसाठी त्यांनी समिती काढली, पत्रके वाटली, आणि डिसेंबर १९१० पासून आपल्या 'हेरल्ड ऑफ रिव्होल्ट' या मासिकात हा विषय सातत्याने चालवला. हेगच्या लवादाने २४ फेब्रुवारी १९११ रोजी पकडण्यात अनियमितता झाल्याचे मान्य केले, पण ब्रिटनवर सावरकरांना परत करण्याचे बंधन नाही असा निर्णय दिला. त्यानंतरही ऑल्ड्रेड यांनी हा विषय सोडला नाही.

९. सावरकरांच्या पुढच्या राजकारणाशी ते सहमत होते, असे यावरून म्हणता येईल का?

म्हणता येणार नाही. ऑल्ड्रेड यांची ती मोहीम परकीय सत्तेच्या एका कैद्यासाठी आणि आश्रयाच्या हक्कासाठी होती. सावरकरांचे हिंदुत्वावरील लिखाण १९२३ चे आणि हिंदुमहासभेचे नेतृत्व १९३७ नंतरचे. राज्यसंस्था, राष्ट्र आणि धर्म या तिन्हींच्या सत्तेला विरोध करणाऱ्या माणसाला कोणत्याही राष्ट्रवादाच्या दावणीला बांधणे हा त्याच्यावर अन्याय ठरेल. १९१० ची कृतज्ञता १९१० च्या मापानेच व्यक्त करावी.

१०. त्यांनी कोणकोणती वृत्तपत्रे चालवली?

'हेरल्ड ऑफ रिव्होल्ट' (१९१०–१९१४), 'स्पर' (१९१४–१९२१), 'कम्यून' (१९२३–१९२९), 'कौन्सिल' (१९३१–१९३३) आणि १९३८ मध्ये सुरू झालेले, त्यांच्या मृत्यूपर्यंत चाललेले 'वर्ड'. मधल्या रिकाम्या वर्षांची कारणे बहुधा तुरुंग किंवा पैसा यांपैकीच एक असत.

११. एवढ्या सगळ्याचा खर्च कोठून निघत असे?

बहुतेक काळ निघत नसे. चौकात किंवा भाड्याच्या सभागृहात भाषण द्यायचे, सभेनंतर टोपी फिरवायची, पेनी-दोन पेनीला पुस्तिका विकायच्या आणि त्यातून पुढच्या अंकाचा कागद आणायचा, असा हा व्यवहार होता. भाषणाचे शुल्क ठरवून घेणे त्यांना मान्य नव्हते.

याला एक मोठा अपवाद आहे. सर वॉल्टर स्ट्रिकलंड हे यॉर्कशायरमधील एका जुन्या सरदार घराण्यातील श्रीमंत गृहस्थ साम्राज्याचे आणि युद्धाचे कट्टर विरोधक होते. ब्रिटनचा निषेध म्हणून त्यांनी १९२३ मध्ये चेकोस्लोव्हाकियाचे नागरिकत्व घेतले होते. १९३८ मध्ये ते वारले आणि त्यांनी ऑल्ड्रेड यांच्या नावे ३,००० पौंड ठेवले. दुसरा कोणी असता तर या पैशाने घर घेतले असते. ऑल्ड्रेड यांनी वापरलेली छपाईयंत्रे विकत घेतली, ग्लासगोच्या जॉर्ज स्ट्रीटवर छापखाना उभारला आणि त्याला स्ट्रिकलंड प्रेस हे नाव दिले. एथेल मॅक्डोनल्ड, जेनी पॅट्रिक आणि जॉन टेलर काल्डवेल या तीन सहकाऱ्यांनी हा छापखाना त्यांच्याबरोबर चालवला. खिळे जुळवण्यापासून अंक पोस्टात टाकण्यापर्यंतची कामे हीच मंडळी आपसांत वाटून घेत.

१२. पहिल्या महायुद्धात त्यांचे काय झाले?

१९१६ मध्ये इंग्लंडमध्ये सक्तीची लष्करभरती आली. ऑल्ड्रेड यांनी गणवेश चढवण्यास नकार दिला, आणि तेथून १९१९ च्या आरंभापर्यंत लष्करी न्यायालय, तुरुंग, सुटका आणि पुन्हा लष्करी न्यायालय असे चक्र सुरू राहिले. मधल्या काळात त्यांना स्कॉटलंडमध्ये ॲबरडीनजवळ डाइस येथे, युद्धास नकार देणाऱ्यांसाठी उघडलेल्या श्रमछावणीत पाठवले गेले. सरकारशी केलेली ही तडजोड त्यांना पटली नाही आणि ते सरळ छावणी सोडून लंडनला परतले, अर्थातच पुन्हा अटक होण्यासाठी. तुरुंगात त्यांनी उपोषणही केले. या सर्व वर्षांत 'स्पर' चालू राहिले ते रोझ विटकॉप यांच्यामुळे.

१३. रोझ विटकॉप कोण? दोघांनी लग्न केले होते की नाही?

या प्रश्नाला 'हो' आणि 'नाही' अशी दोन्ही उत्तरे वाचायला मिळतात आणि दोन्ही आपापल्या काळापुरती बरोबर आहेत. रोझ या युक्रेनमधून आलेल्या ज्यू कुटुंबातील. त्यांच्या थोरल्या बहीण मिली या रुडॉल्फ रॉकर या प्रसिद्ध अराज्यवाद्याच्या सहचारिणी. १९०७ च्या सुमारास रोझ आणि ऑल्ड्रेड यांची ओळख झाली आणि विवाहसंस्था मान्य नसल्याने ते लग्नाविना एकत्र राहू लागले. १९०९ मध्ये त्यांना मुलगा झाला. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला ते वेगळे झाले.

१९२२ मध्ये मार्गारेट सँगर यांची संततिनियमनावरील पुस्तिका दोघांनी मिळून प्रकाशित केली. पोलिसांनी ती जप्त केली आणि न्यायालयाने अश्लील ठरवून प्रती नष्ट करण्याचा हुकूम दिला. बर्ट्रंड रसेल यांच्या पत्नी डोरा आणि अर्थशास्त्रज्ञ केन्स यांनी अपिलासाठी पैसे उभे केले, पण ते फेटाळले गेले. पुढे रोझ यांना परदेशी म्हणून देशाबाहेर काढण्याची भीती निर्माण झाली. तेव्हा १९२६ मध्ये, वेगळे राहत असतानाच, ऑल्ड्रेड यांनी त्यांच्याशी नोंदणी पद्धतीने विवाह केला, कारण ब्रिटिश नागरिकाच्या पत्नीला हद्दपार करता येत नसे. ज्या संस्थेवर त्यांचा विश्वास नव्हता, तिचा एक कागद त्यांनी दुसऱ्या माणसाच्या रक्षणासाठी वापरला. रोझ १९३२ मध्ये वारल्या.

१४. राजद्रोहाची दुसरी शिक्षा कोणत्या प्रकरणात झाली?

१९२१ मध्ये ग्लासगोच्या कम्युनिस्ट गटाने 'रेड कम्यून' नावाचे पत्र काढले. पार्लमेंटवर बहिष्कार टाका आणि आयर्लंडमधील सिन फेन या पक्षाच्या मार्गाने जा (प्रश्न १५), असे त्याचे आवाहन होते. पोलिसांनी धाड घातली. ऑल्ड्रेड, जेनी पॅट्रिक, डग्लस मॅक्लीश आणि मुद्रक अँड्र्यू फ्लेमिंग यांच्यावर खटला चालला. ऑल्ड्रेड यांना एक वर्षाची, तर इतर तिघांना प्रत्येकी तीन महिन्यांची शिक्षा झाली, आणि मुद्रकाला वर ५० पौंड दंड झाला. मुद्रकावरचा राग येथेही पाहावा (प्रश्न ५).

१५. पार्लमेंटला विरोध करणारा माणूस निवडणुकीला कसा उभा राहिला?

सिन फेनच्या युक्तीनेच. उमेदवारी भरायची, प्रचारसभांत पार्लमेंटविरुद्ध बोलायचे, आणि निवडून आल्यास राजनिष्ठेची शपथ न घेता जागा रिकामी ठेवायची, असे त्यांनी आधीच जाहीर केलेले असे. १९२२ मध्ये ग्लासगोच्या शेटल्स्टन मतदारसंघात त्यांना ४७० मते मिळाली. शेवटची निवडणूक त्यांनी नोव्हेंबर १९६२ मध्ये, शहात्तराव्या वर्षी, वुडसाइडच्या पोटनिवडणुकीत लढवली आणि १३४ मते मिळवली. त्यांच्या अनेक अराज्यवादी मित्रांना ही युक्ती विसंगत वाटे, आणि त्यांचा आक्षेप मला वजनदार वाटतो. मात्र उमेदवाराला सभा घेता येते आणि तिला पोलीस सहज अडवू शकत नाहीत, हा व्यावहारिक लाभही होता. ग्लासगो ग्रीन या मैदानावर भाषणासाठी महापालिकेचा परवाना लागे; त्या नियमाविरुद्ध त्यांनी वर्षानुवर्षे लढा दिला होता.

१६. स्पेनच्या यादवी युद्धात ते स्वतः गेले होते का?

नाही. १९३६ च्या शरद ऋतूत एथेल मॅक्डोनल्ड आणि जेनी पॅट्रिक बार्सिलोनाला गेल्या. एथेल यांनी तेथील रेडिओवरून इंग्रजीत भाषणे केली, आणि अराज्यवादी आणि कम्युनिस्ट यांच्यात मे १९३७ मध्ये तेथे झालेल्या संघर्षानंतर त्यांना तुरुंगवास घडला. ऑल्ड्रेड ग्लासगोमध्ये थांबून त्यांची पत्रे आणि वार्ता छापत राहिले.

१७. त्यांचा मुंबईशी काही संबंध होता का?

होता, आणि तो एम. पी. टी. आचार्य यांच्यामुळे. मद्रासचे आचार्य १९०९ मध्ये इंडिया हाउसमध्ये सावरकरांचे सहकारी होते. १९२० मध्ये ताश्कंदला स्थापन झालेल्या हिंदी कम्युनिस्ट पक्षाच्या संस्थापकांत ते होते, पण मानवेंद्रनाथ रॉय यांच्याशी मतभेद होऊन ते बर्लिनला आले आणि अराज्यवादी झाले. १९३५ मध्ये ते मुंबईत परतले. त्यांच्या पत्नी माग्दा नाख्मन या चित्रकार होत्या. मुंबईतून आचार्य 'वर्ड'साठी लेख पाठवत आणि ऑल्ड्रेड ते छापत. मार्च १९५४ मध्ये आचार्य मुंबईतच वारले. मुंबईच्या एका खोलीतून निघालेला हस्तलिखित लेख ग्लासगोच्या जॉर्ज स्ट्रीटवर खिळ्यांत बसत होता, हा दुवा मराठीत जवळजवळ नोंदलाच गेलेला नाही.

१८. त्यांचा मृत्यू कधी आणि कसा झाला?

ऑक्टोबर १९६३ मध्ये, ग्लासगोमध्ये, हृदयविकाराने. तेव्हा त्यांच्या खिशात दहा पेन्स होते. देह त्यांनी विद्यापीठाच्या शरीररचनाशास्त्र विभागाला दिला होता. त्यामुळे दहन पुढच्या वर्षी, मे १९६४ मध्ये झाले. काही ठिकाणी मृत्यूचे साल १९६४ दिलेले आढळते, ते या दोन तारखांची गल्लत होऊन. त्यांची कागदपत्रे ग्लासगोच्या मिचेल ग्रंथालयात आहेत.

१९. त्यांनी फॅसिस्टांशी हातमिळवणी केली, असा आरोप वाचला. त्यात तथ्य आहे का?

हा आरोप ड्यूक ऑफ बेडफर्ड यांच्या संदर्भात होतो. दुसऱ्या महायुद्धात हे ड्यूक जर्मनीशी वाटाघाटी करून तह करावा, असे उघडपणे मांडत होते. ब्रिटिश पीपल्स पार्टी या ज्या पक्षाचे ते प्रमुख होते, त्यात फॅसिस्ट वळणाची माणसे होती. ऑल्ड्रेड यांनी त्यांचे लेख 'वर्ड'मध्ये घेतले, पुस्तिका स्ट्रिकलंड प्रेसमध्ये छापल्या आणि त्यांच्याकडून आर्थिक साहाय्यही स्वीकारले. ऑल्ड्रेड यांचे म्हणणे असे की युद्धविरोधी मत कोणाचे आहे हे न पाहता ते छापले पाहिजे, आणि १९०९ मध्येही आपण हेच केले होते.

ऑल्ड्रेड स्वतः फॅसिस्ट नव्हते. त्यांच्याच सहकारी स्त्रिया फॅसिस्टांचा पाठिंबा असलेल्या सेनापती फ्रँकोविरुद्ध लढणाऱ्या बार्सिलोनाला गेल्या होत्या (प्रश्न १६). तरीही ही तुलना मला पटत नाही. श्यामजींच्या मासिकामागे सत्ता नव्हती आणि ते छापायला लंडनमध्ये दुसरा कोणी तयार नव्हता. ड्यूकजवळ पैसा होता, उमराव सभागृहात बोलायला जागा होती, आणि त्यांना आपले मत लोकांपुढे नेण्यासाठी ग्लासगोच्या त्या छापखान्याची गरज नव्हती. 'वर्ड'च्या जुन्या वाचकांपैकी काहींनी तेव्हाच हे त्यांना सांगितले. ऑल्ड्रेड यांनी ड्यूकचे लेख छापणे थांबवले नाही.